उंचावलेल्या ट्रकचे चक्रसंरेखन

वाहनाच्या चाकांचे संरेखन मुख्यतः तीन कोनांनी ठरते. समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेशी होणारा कोन तो कॅम्बर, वरून पाहता चाकांचा आत वा बाहेर असलेला रोख तो टो, आणि ज्या अक्षाभोवती चाक वळते त्याचा बाजूने दिसणारा कल तो कॅस्टर होय. कार्यशाळेत नित्य दुरुस्त होतो तो टो; परंतु अखंड आस असलेला ट्रक उंचावला असता प्रथम ढळतो तो कॅस्टर.

ऑस्ट्रेलियात खडतर मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या टोयोटा लँड क्रूझर ७९ या पिकअप ट्रकचे उदाहरण घेऊ. १९९९ पासून त्याचा पुढील आस वेटोळ्या स्प्रिंगांवर बसविलेला असून, दोन भुजा त्यास मागील बाजूस चासीशी जोडतात. उंच स्प्रिंगा बसविल्या की चासी वर जाते, भुजांची पुढील टोके सापेक्षतः खाली झुकतात आणि त्यांच्यासह संपूर्ण आस पुढे कलतो. भुजेची लांबी ९०० मिलिमीटर व उंचीतील वाढ ५० मिलिमीटर मानल्यास हा फेर सुमारे ३.२ अंश येतो. मूळ कॅस्टर ३ अंश असेल, तर तो नाहीसाच होतो. परिणामी वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होत नाही व वेगात वाहन भरकटू लागते. टो मात्र बहुधा अबाधित राहतो. म्हणून केवळ टो तपासणाऱ्यास दोष आढळत नाही.

यावर उपाय म्हणजे भुजांच्या टोकांशी विकेंद्री बुश बसवून आस पुन्हा मागे कलविणे. तथापि त्यामुळे डिफरन्शियलचे तोंड खाली जाऊन पुढील प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांवरील कोन वाढतो. कॅस्टर पूर्ववत करण्यास मर्यादा पडते ती येथेच.

दुसरा परिणाम आडव्या पॅनहार्ड दंडाचा. तो अधिक तिरपा होताच आसास एका बाजूस ओढतो. यास्तव त्याची लांबी जुळवून घ्यावी लागते. सुकाणूचा दंड त्याच्याशी समांतर न राहिल्यास खड्ड्यागणिक चाके आपोआप वळतात.

सारांश, नित्याचा भार ठेवून प्रथम कॅस्टर, मग आसाचा मध्य आणि अखेरीस टो, हाच क्रम युक्त होय. टो आधी जुळविल्यास पुढील प्रत्येक फेरबदलानंतर तो पुन्हा तपासावा लागतो.