बैलाचं शेण पाहता, मग स्वतःचं दुखणं का लपवता?

सकाळी गोठ्यात पाऊल टाकलं की शेतकऱ्याची पहिली नजर जाते ती शेणावर. पातळ आहे का, त्यात लाल धागा दिसतो का, हे पाटी भरता भरताच त्याच्या ध्यानात येतं. शंका आली तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. आणि तोच माणूस, स्वतःला परसाकडे रक्त पडू लागलं तर वर्ष-वर्ष कोणाला सांगत नाही. बायकोलाही नाही.

आमच्या परिचयातले एक काका आहेत. पंचावन्नच्या आसपास वय, थोडी कोरडवाहू, थोडा कांदा. रक्त दिसलं तेव्हा वाटलं, उष्णता झाली. ताक झालं, सब्जा झाला. मग एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘मूळव्याधीवर हमखास इलाज’ ही पाटी वाचून तिकडे गेले. तिथल्या इसमाने तपासलं काही नाही, पुड्या मात्र दिल्या. दोन वर्षं त्यातच गेली. “लाज वाटायची हो. पोरीच्या लग्नाची बोलणी चाललेली, त्यात हे कुठं सांगत बसू?” असं ते म्हणतात. पुढे चालताना दम लागायला लागला. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पण कमावत्या पुरुषाच्या अंगातलं रक्त जातंय कुठं, हे कोणी विचारलं नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली आणि दोन मिनिटांत गाठ बोटाला लागली. गुदाशयाचा कर्करोग.

रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीर हेच निघतं, हे आधीच सांगितलेलं बरं. उगाच कोणी घाबरू नये. पण मूळव्याध आहे हे तपासून ठरवायचं असतं, पाटी वाचून नव्हे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी बारीक कोंब येतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळेच कोंब बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. एवढा अवधी कोणती कीड देते? या काळात कोंबातून अधूनमधून रक्त झिरपतं, डोळ्याला न दिसण्याइतकं थोडं. ते शौचाच्या नमुन्यात रसायनाने पकडता येतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ४६ हजारांवर लोकांवर हा प्रयोग झाला. दरवर्षी नमुना तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. आता फिट नावाची नवी चाचणी आली आहे. तिला पथ्य लागत नाही. नळीतली काडी शौचाला लावायची, नळी बंद करायची, नेऊन द्यायची. माती परीक्षणाला पिशवी भरून नेतो, त्याहून हे सोपं.

सोपं असलं तरी लोक करत नाहीत, खरी गोम तिथंच आहे. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियात गरिबांसाठी चालणाऱ्या २६ दवाखान्यांत एक प्रयत्न झाला. ज्यांची तपासणी राहिली आहे त्यांच्या घरी नळी टपालाने पाठवायची आणि मागून आठवणीचं पत्र. २०१८ साली निकाल आला. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या दवाखान्यांत १०.४ टक्के लोकांनी चाचणी केली, टपाल गेलेल्या दवाखान्यांत १३.९ टक्के. फरक पडला, पण शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त लोक राहूनच गेले.

आता थायलंडच्या उत्तरेतला लंपांग जिल्हा बघा. भातशेतीचा मुलूख. तिथे २०११ साली ५० ते ६५ वयाच्या सव्वा लाखावर लोकांसाठी हीच चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून सुरू झाली. त्या देशात गावोगाव आरोग्य स्वयंसेवक असतात, आपल्या आशाताईंसारखे. ओळखीच्या माणसांनी घरोघरी सांगितलं, आणि जवळपास ६३ टक्के लोकांनी नमुना दिला. बायका ६८ टक्क्यांच्या घरात, पुरुष ५८. लाजण्यात पुरुष पुढे, हे तिथेही खरं ठरलं! नमुन्यात रक्त निघालं ते शंभरात जेमतेम एकाच्या. अशांना दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलं. आलेल्यांपैकी शंभरात साधारण चौघांना कर्करोग निघाला आणि तिसाच्या आसपास लोकांना कोंब. कोंब दुर्बिणीतूनच काढता येतो, पोट फाडावं लागत नाही. मात्र बोलावलेल्यांपैकी चौथा हिस्सा तपासणीला पोचलाच नव्हता. नमुना घेऊन उपयोग काय, पुढची गाडी चुकली तर?

आपल्याकडचा हिशेब थोडा वेगळा आहे. हा कर्करोग भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी. म्हणून सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी ठेवली आहे, आतड्याची नाही. सरसकट सगळ्यांना नळ्या वाटा, असं आमचंही म्हणणं नाही. दुर्बिणीची सोय तालुक्याला नसताना नळ्या वाटल्या तर लोक नुसते घाबरतील. शिवाय उन्हाळ्यात नमुना तापला की त्यातलं रक्त विरतं आणि चाचणी खोटी ‘ठीक’ सांगते. मराठवाड्याच्या मे महिन्यात हे ध्यानात ठेवावंच लागेल.

पण आपल्याकडे गुदाशयाचा कर्करोग त्यामानाने जास्त दिसतो, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसांनाही होतो. त्यातल्या बऱ्याच गाठी बोटाच्या टप्प्यात असतात. बोटाच्या तपासणीला लागतो एक हातमोजा आणि पडद्याआड पाच मिनिटं. ही तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हरकत काय? आम्ही एका वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “ओपीडीत दीडशे माणसं, दाराला पडदा नाही. पेशंट लाजतो, आम्हीपण मग गोळ्या लिहून देतो.” उत्तर प्रामाणिक होतं. पडद्याचा प्रश्न ग्रामपंचायत सोडवू शकते, एवढंच आम्ही सरपंचांना सांगू.

घरोघर जाऊन सांगितलं तर आपली माणसं येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी बार्शीकडे पाहावं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साथीने त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून खेड्यापाड्यातल्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. ज्या गटांना तपासणीला बोलावलं, त्यांतल्या शंभरापैकी ऐंशीच्या आसपास बायका आल्या. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे मांडलं गेलं. त्या कोणी शहरातल्या शिकलेल्या बाया नव्हत्या. खुरपणीला जाणाऱ्याच होत्या. गर्भाशयमुखाच्या तपासणीची लाज काय थोडी असते?

तेव्हा आशाताईंनी तिशीवरच्या माणसांचा फॉर्म भरताना एक प्रश्न तोंडी जोडावा: “परसाकडे रक्त पडतं का? पोटाची सवय महिनाभरात बदलली का?” पुरुषांना आशाताई विचारणार कशा, ही अडचण खरी आहे. तिथे उपकेंद्रातले आरोग्यसेवक किंवा गावातलंच एखादं जाणतं माणूस चालेल. ग्रामसेवकांनी आरोग्य समितीच्या बैठकीत एक वही ठेवावी. कोणाला पुढे पाठवलं, तो पोचला का, एवढीच दोन खणांची. नावं चावडीवर वाचायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टरकडे कधी जायचं? रक्त पडत असेल तर. शौचाची सवय तीन-चार आठवडे बदललेली असेल, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पोट साफ झाल्यासारखं वाटतच नसेल तर. वजन कारण नसताना उतरत असेल तर. पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला, रक्त कमी सांगितलं तर गोळ्या घ्याव्यात, पण ‘साहेब, रक्त जातंय कुठं ते बघा’ असा आग्रहही धरावा. आई-बाप किंवा भावंडांत कोणाला हा आजार झालेला असेल तर तेही आपण होऊन सांगावं.

काकांचं ऑपरेशन झालं. पोटावर पिशवी आली आहे. पहिले काही महिने ते पारावर येत नव्हते, आता येतात. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. या योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसतं, पण योजनेला जोडलेल्या रुग्णालयातच. तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे कागद सोबत न्यावेत. काकांचे कागद घरी राहिले होते, त्यापायी दोन फेऱ्या आणि चार दिवस गेले.