दिसणारं फोल्डर आणि असणारं फोल्डर

विंडोजच्या डेस्कटॉपवर ‘हिशेब’ नावाची फाइल तयार केली आणि लगेच डिलीट केली. रिसायकल बिन उघडला. फाइल तिथे होती. नाव तेच, शेजारी मूळ जागा आणि डिलीट केल्याची तारीख. मग कमांड प्रॉम्प्टमधून डिस्कवरची खरी जागा पाहिली. सी ड्राइव्हवर रिसायकल बिनचं एक लपवलेलं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं उपफोल्डर. तिथे ‘हिशेब’ नावाचं काहीच नव्हतं. होती फाइलींची एक जोडी: एकीच्या नावाची सुरुवात डॉलर-आर, दुसरीची डॉलर-आय, पुढची सहा अक्षरं दोन्हींत सारखी. ‘आर’मध्ये माझा मजकूर जसाच्या तसा, ‘आय’मध्ये जुनं नाव, पत्ता, आकार आणि वेळ.

विंडोजमध्ये फाइली दाखवणारा एक्सप्लोरर या जोड्या वाचतो आणि जुनी नावं लावून दाखवतो. प्रत्येक ड्राइव्हचा साठा वेगळा असतो, पण खिडकीत सगळे एकत्र दिसतात. डिलीट करूनही डिस्क मोकळी का होत नाही, हेही इथेच उमगतं: मजकूर हललेलाच नसतो, फक्त नाव आणि पत्ता बदललेला असतो.

दिसणं आणि असणं यांतला असा फरक डेस्कटॉपच्या बाबतीतही आहे, तोही विंडोज ९५पासून. एक्सप्लोररच्या लेखी डेस्कटॉप सगळ्यांच्या मुळाशी, ड्राइव्ह त्याच्या पोटात. डिस्कवर उलटं: सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात आपल्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप. शिवाय पडद्यावर सर्वांसाठीच्या पब्लिक डेस्कटॉपमधले आयकॉनही मिसळलेले असतात. आपलं डेस्कटॉप फोल्डर कॉपी केलं, तर ते त्यात येत नाहीत.

२००९च्या विंडोज ७मधल्या लायब्ररींत हा फरक अधिक लक्षात ठेवावा लागतो. लायब्ररी अनेक फोल्डर एकत्र दाखवते; स्वतः ती पत्त्यांची यादी असलेली छोटीशी फाइल. लायब्ररीच डिलीट केली, तर आतल्या फाइली आपापल्या जागी सुरक्षित राहतात. लायब्ररीत शिरून एखादी फाइल डिलीट केली, तर मूळ फाइलच जाते. बटण एकच, परिणाम दोन.

वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं अशाच फोल्डरांत असतात, म्हणून हे प्रत्येकाला ठाऊक हवं. बॅकअप घेण्याआधी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘लोकेशन’ वाचावं. कॉपी करायची ती त्या पत्त्यावरून.