नोंदणी झाली, आता सांभाळा

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर केला. त्या वादात इथे शिरत नाही. पण विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था आणि पाणीपुरवठा संस्थांच्या पाट्यांनी भरलेल्या या गावात एक व्यवहारी प्रश्न उरतोच: ज्यांच्या नावातच 'इस्लामपूर' आहे, त्या संस्थांनी काय करायचे?

उत्तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आधीपासून लिहिलेले आहे. कलम १५ प्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकाची मंजुरी मिळाली की संस्थेचे नाव बदलते. येणी, देणी आणि कोर्टातले दावे मात्र जिथल्या तिथे राहतात. याचे ठळक उदाहरण गावाला खेटूनच आहे. साखराळ्याचा वाळवा तालुका सहकारी साखर कारखाना राजारामबापू पाटलांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यासाठी उसाच्या एकाही सभासदाला नवा शेअर घ्यावा लागला नाही.

नाव असो वा नोंदणी, सहकारी संस्थांचा हा कारभार राज्याच्या अखत्यारीतला. १९०४ चा पहिला सहकार कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. १९१९ च्या सुधारणांनी सहकार प्रांतांकडे आला आणि मुंबई इलाख्याने १९२५ मध्ये स्वतःचा कायदा केला. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने केंद्राने त्यात हात घातला, तेव्हा २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतर्गत संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. म्हणून वाळवा तालुक्यातल्या संस्थेचा दरवाजा आजही इस्लामपुरातले ए. आर. ऑफिस, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकांची कचेरी. त्याच्या वर सांगलीचे डी. डी. आर., म्हणजे जिल्हा उपनिबंधक, आणि सर्वांत वर पुण्याचे सहकार आयुक्त.

संस्था काढणे आपल्याकडे सणासारखे असते: वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण, उपविधी, शेअरची रक्कम, प्रमाणपत्र, शिक्का, पेढे. खरे काम त्यानंतर दरवर्षी येते. लेखापरीक्षण, दोषदुरुस्ती अहवाल, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निबंधकाकडे विवरणपत्रे. सभा चुकवली तर जबाबदार पदाधिकाऱ्याला निबंधक पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. तरीही ए. आर. ऑफिसची एक सोय आहे. तिथे माणूस भेटतो. सचिव प्रोसिडिंग बुक काखेत मारून जातो, त्रुटी विचारतो, परत येतो. (या सोयीतून काय काय निपजले, तो वेगळ्या लेखाचा विषय!)

गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांना दुसरी वाट दाखवली जाते, ती शेतकरी उत्पादक कंपनीची. २००२ मध्ये हा प्रकार कंपनी कायद्यात आला आणि २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संघटनांची केंद्रीय योजना आली. इथेही दहा उत्पादक पुरतात. पण इथला निबंधक राज्याचा नाही, केंद्राचा. त्याची कचेरी पुण्याजवळ आकुर्डीला, आणि गाठ पडते ती पोर्टलशी. संचालक किमान पाच, मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ, पहिली वार्षिक सभा नोंदणीपासून ९० दिवसांत. पुढे दरवर्षी सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज शंभर रुपये जादा शुल्क. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार होतात, मग कंपनीने एक पोते हळदसुद्धा विकलेली नसो. सलग तीन वर्षे राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, आणि तेही फक्त याच कंपनीत नव्हे.

सहकारात वाढलेला माणूस इथे फसतो तो सवयीमुळे. 'ऑडिट झालं की झालं,' हे त्याच्या अंगवळणी पडलेले. कंपनीत ऑडिट झाल्यावर खरा घड्याळाचा काटा सुरू होतो, आणि आठवण करून द्यायला कारकून नसतो. अनुदानासाठी कंपनी काढून देणारे सल्लागार हे सहसा सांगत नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा स्पष्ट आरोप आहे.

तेव्हा दहा जण जमले असाल, तर नावावर चर्चा करण्याआधी पुढच्या तीन वर्षांची सी. ए.ची फी वर्गणी काढून बँकेत टाका. ती जमत नसेल तर कंपनी काढू नका.