फवारणीवरून आलेला माणूस बरळू लागतो तेव्हा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधा होऊन दवाखान्यात दाखल झाले, कित्येक दगावले. तरी आजही गावोगाव ऐकू येतं, ‘औषध पोटात गेलं तरच बाधतं.’ हे साफ चूक. पराटी डोक्याच्या वर गेली की फवारा तोंडावर येतो, पाठीवरचा पंप गळून सदरा भिजतो. घामेजल्या कातडीतून आणि श्वासातून विष अंगात भिनतं. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. उलट भिजला की विष तोंडाशीच धरून ठेवतो.

‘काही नाही, दारू चढली असेल.’ या एका वाक्यापायी मोलाचे तास वाया जातात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं शरीरातलं एक विकर बंद पाडतात. त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश पोचवणारं ॲसिटिलकोलीन साचत जातं. माणूस घामाने निथळतो, लाळ गळते, उलट्या होतात, छाती घरघरते. मेंदूवर परिणाम झाला की तो बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, झटके येऊन बेशुद्ध पडतो. उजेडात डोळे बघा: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतील, तर दारूचा संशय सोडा आणि १०८ ला फोन करा. बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या, तरी फवारणीनंतर बरळणाऱ्याला घरी ठेवू नका.

मिठाचं पाणी पाजून वांती काढणं तर फारच घातक. भान हरपलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते, आणि पुष्कळ औषधांत रॉकेलसारखं द्रावक असतं, ते फुप्फुस जाळतं. दूध, तूप, लिंबू हा उतारा नव्हे. त्याऐवजी भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा, डाव्या कुशीवर निजवा. हे करणाऱ्याने हातमोजे घालावेत. औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्या. प्रत्येक कीटकनाशकावरचा उपचार एकच नसतो.

दवाखान्यात ॲट्रोपिन सुरू झाल्यावर काही रुग्ण जास्तच बडबडतात, हवेत काहीतरी पकडू बघतात, चादर ओढतात, उठून पळू लागतात. ‘डॉक्टरांनी वेडा केला,’ म्हणून नातेवाईक घाबरतात, कुणी रुग्णाला उचलूनही नेतात. हा भ्रम ॲट्रोपिन जास्त झाल्याने येऊ शकतो, मूळ विषानेही येऊ शकतो. दोन्हींतला फरक ओळखून मात्रा कमी-जास्त करणं डॉक्टरांच्या हातात असतं. तेव्हा जे दिसतंय ते लगेच नर्सला सांगा; ॲट्रोपिन मध्येच तुटलं तर जीव जाऊ शकतो.

‘शुद्धीवर आला, आता घरी नेऊ’ ही घाईही नको. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, माणूस नीट बोलत असतानाच, मानेची आणि श्वासाची ताकद अचानक जाऊ शकते. म्हणूनच राउंडला आलेले डॉक्टर त्याला उशीवरून मान उचलायला सांगतात. मान उचलत नसेल, तर व्हेंटिलेटरची गरज कधीही पडू शकते.