सवलत अल्लाहची, संकोच माणसांचा

रमजान ईद जवळ आली की एसटी स्थानके आणि रेल्वेचे फलाट गजबजू लागतात. पोटापाण्यासाठी मुंब्रा, भिवंडीला गेलेली कुटुंबे सोलापूर, लातूर, बीडकडे आपापल्या गावी निघतात. या गर्दीत हमखास दिसणारी एक प्रवासी म्हणजे पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघालेली लेक. हिंदू घरांत डोहाळजेवण, मुस्लिम घरांत ‘सतवासा’. नावे वेगळी, पण सातव्या महिन्याचे कौतुक झाले की लेकीला माहेरी आणायचे, ही चाल दोन्हीकडे सारखीच.

ईदला सगळे भेटतील म्हणून प्रवासाची तारीख बहुतेक वेळा सणावरून ठरते. लेकीचे दिवस किती भरले, हे नंतर पाहिले जाते. त्यातच ती रोजा ठेवून निघाली, तर उन्हात, गर्दीत, पाण्याविना आठ-दहा तास काढते. कोणी तिला तसे सांगितलेले नसते. पण “सगळ्या घराचा रोजा आणि मीच कशी खाऊ?” हा संकोच तिच्या मनात असतो.

या संकोचाला धर्मात आधार नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रमजानच्या रोजांचा आदेश आहे आणि तिथेच, 184 आणि 185 क्रमांकाच्या आयतींत, आजारी माणसाला व प्रवाशाला सवलत दिली आहे. सुटलेले रोजे त्यांनी पुढे सवडीने पूर्ण करावेत. याला ‘कजा’ म्हणतात. हदीसमध्ये प्रवाशाच्या जोडीने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईचाही उल्लेख येतो. प्रवाशाच्या नमाजमध्येही चार रकात फर्जच्या जागी दोनच पढायच्या असतात. हनफी मतानुसार साधारण 77-78 किलोमीटरहून लांबचा प्रवास असेल तर ही सवलत लागू होते. म्हणजे माहेरी निघालेल्या गरोदर लेकीला सवलत एकदा नव्हे, दोनदा मिळालेली आहे. ‘रुखसत’ म्हणजे सवलत. ती घेण्यात ईमान कमी पडत नाही.

कुरआनच्या एकोणिसाव्या सूरहमध्ये बीबी मरियमची कथा आहे. येशू ख्रिस्तांची, म्हणजे हजरत ईसांची ही आई. प्रसूतीच्या वेळी ती घरापासून दूर, एकटी, खजुराच्या झाडाला टेकलेली असते. वेदनांनी ती हताश होते, तेव्हा तिला आधी दिलासा मिळतो. पायाशी झरा आहे, झाड हलव, ताजा खजूर पडेल, खा आणि पी, असे तिला सांगितले जाते. ज्या खजूर-पाण्याने रोजा सुटतो, तेच त्या माउलीला मिळाले, तेही थांबायला न लावता.

आता प्रवासाची व्यवहारी बाजू. गरोदरपणात प्रवासाला सर्वांत सोयीचा काळ साधारण 14 ते 28 आठवड्यांचा. सुरुवातीची मळमळ ओसरलेली असते आणि पोटाचा भार अजून फार झालेला नसतो. त्यामुळे माहेरी न्यायचे असेल तर सण नव्हे, आठवडे मोजावेत. रक्तस्राव झालेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, जुळी असतील किंवा वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय निघूच नये. माता आणि बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. वाटेत अडचण आली, तर अनोळखी डॉक्टरला तेच कागद सगळे सांगतात.

एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे भाडे आहे, पण तिकीट स्वस्त झाले म्हणून जागा मिळतेच असे नाही. आरक्षण करावे आणि मधल्या भागातली जागा घ्यावी. मागच्या चाकावरच्या आणि त्यामागच्या बाकांवर गचके जास्त बसतात. वडाप किंवा काळी-पिवळीत दाटीवाटीने बसणे आणि खड्ड्यांतून दुचाकीवर जाणे टाळलेलेच बरे. रेल्वेत गरोदर महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. आरक्षण खिडकीवर जाताना डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा. मोटारीत पट्टा लावायचाच. त्याचा खालचा भाग पोटाखाली मांडीच्या सांध्याजवळ आणि वरचा भाग खांद्यावरून छातीच्या मधून यावा. पट्टा पोटावरून कधीही घेऊ नये.

तासन्‌तास एका जागी बसल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका गरोदरपणात वाढलेला असतो. म्हणून दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे आणि बसल्या जागीही घोटे फिरवावेत. खाण्यासाठी घरची भाकरी, फुटाणे, केळी बरोबर घ्यावीत. उघड्यावरची कापलेली फळे आणि बर्फाचा रस नको. उलटीची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पाण्याचा प्रश्न मात्र रमजानपुरता नाही. एरवीही असंख्य बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण स्थानकावरचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते. हा वर्षभराचा सक्तीचा उपवास आहे आणि त्याला कुठल्याच धर्माची आज्ञा नाही. पाणी कमी पडले आणि लघवी रोखून धरली की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. स्वच्छ स्वच्छतागृह ही सोय नसून आईच्या जिवाची गरज आहे, हे आगारांनाही कळायला हवे.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, सारखे दुखणारे पोट, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे यांपैकी काहीही झाले, तर प्रवास तिथेच थांबवावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रेल्वेत असाल तर 139 लावावा. “घरी पोहोचल्यावर बघू” या वाक्याने बरेच काही गमावले जाते.

उरलेले काम सहप्रवाशांचे. बुरख्यातली एखादी बाई दुपारी बाटली तोंडाला लावताना दिसली, तर रोजेदारांनी नजर फिरवून घ्यावी, तिला प्रश्न विचारू नये. कोणी तिला खिडकीची जागा द्यावी, कोणी तिची पिशवी उचलावी. घरच्या वडीलधाऱ्यांनी, सासूबाईंनी किंवा अम्मीने, निघण्याआधीच सांगून टाकावे, “बेटा, तुझा रोजा नंतर होईल, आधी पाणी पी.” लेकीचा संकोच या एका वाक्याने मोडतो.