भाषेने प्रोग्रामरचे हात बांधावेत का?

२०१४ साली आयफोनच्या प्रणालीत एक गंभीर सुरक्षादोष सापडला. कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही एकच ओळ चुकून दोनदा पडली होती. ‘इफ’नंतर महिरपी कंस नव्हते. त्यामुळे दुसरी ओळ अट लागू नसतानाही चालायची आणि सर्व्हरची डिजिटल सही तपासायचीच राहून जायची. दिसायला मात्र ती ओळ अटीच्या आत होती.

सी भाषेत असे कंस ऐच्छिक आहेत. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या ‘गो’ भाषेत ते सक्तीचे आहेत. पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागाच व्याकरणाचा भाग आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसते तेच संगणकही वाचतो.

सक्तीचा जाचही होतो. ‘गो’मध्ये प्रयोगापुरती एखादी ओळ बंद केली आणि त्यामुळे एखादे व्हेरिएबल बिनवापराचे उरले, की कम्पायलर अडून बसतो. रस्ट या भाषेने मधला मार्ग काढला. तिथे मेमरीचे नियम कडक आहेत, पण ‘अनसेफ’ अशी पाटी लावली की काही बाबतींत सूट मिळते. मग तपासणाऱ्यालाही कुठे डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते कळते.

माणूस जी चूक वारंवार करतो आणि यंत्र जी खात्रीने पकडू शकते, ती भाषेनेच अडवावी. बाकीचे प्रोग्रामरच्या विवेकावर सोडावे.