अतिप्रकाश इशारा (डिजिटल कॅमेरा)

अतिप्रकाश इशारा ही डिजिटल कॅमेऱ्यातील एक दर्शक सुविधा आहे. छायाचित्राचा जो भाग अतिप्रकाशामुळे तपशील गमावून निव्वळ पांढरा होतो, तो पडद्यावर लुकलुकतो किंवा त्यावर तिरपे पट्टे दिसतात. या पट्ट्यांना 'झेब्रा' म्हणतात. ८-बिट जेपेग चित्रात प्रत्येक रंगाचे मूल्य ० ते २५५ असते. २५५ गाठल्यावर पुढील प्रकाशभेद नोंदला जात नाही. कापूस उत्पादक यवतमाळ जिल्ह्यात दुपारच्या उन्हात फुटलेल्या बोंडांचे छायाचित्र घेताना कापसाचे तंतू असे नाहीसे होऊ शकतात. एक्स्पोजर कमी केल्यास ते टिकतात, मात्र सावलीतील भाग अधिक गडद होतो. हा इशारा सहसा जेपेग चित्रावरून ठरत असल्याने रॉ फाइलमध्ये काही तपशील शिल्लक असू शकतो. सूर्यबिंब किंवा पाण्यावरील चकाकी यांवर आलेला इशारा बहुधा दुर्लक्षणीय असतो.